बसणाऱ्याचं काम

“हायवेनं गेलो असतो तर एव्हाना दोन ट्रॅक्टर चढवून झाले असते!”

“मग जा की हायवेनं. दार उघड, उतर आणि सूट पळत.”

“आई, मी चेष्टा करत नाहीये.”

“मी तरी कुठे करतेय? पाय धड आहेत ना? शाळेच्या खिडकीतून उडी मारताना तर चांगले चालत होते.”

झालं. आली शाळा. या मायलेकांचं भांडण कशावरूनही सुरू होऊ दे, मिठावरून, पान्यावरून, नाहीतर टॉवेल कुठे टाकला यावरून, ते फिरून फिरून त्या खिडकीपाशीच यायचं. मग भोवरा गप्प बसायचा आणि नाकानं जोरात श्वास सोडायचा. आई पण गप्प व्हायची आणि गिअर असा टाकायची की टेम्पोला कळायचं घरात काहीतरी बिनसलंय.

भोवरा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. आबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, तो रांगत असतानाच ते चिकटवलं होतं. पोर एका जागी टिकायचंच नाही. आणि अशा पोराला घरानं काम काय द्यावं? तर बसायचं!

टेम्पो तळ्याच्या कडेकडेनं चालला होता. तळं म्हणजे केवढं, तर पलीकडचा काठ डोळे बारीक केले तरच दिसेल. एका वळणाला पाणी दिसायचं, दुसऱ्या वळणाला डोंगर मध्ये यायचा, तिसऱ्याला पुन्हा पाणी. कुणीतरी दाराआडून डोकावतंय आणि लपतंय असंच वाटत होतं. ऊन लख्ख होतं. झाडांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या आणि टेम्पो त्यांच्यावरून जाताना आईचं तोंड उजेडात, अंधारात, उजेडात असं होत होतं.

“ते बघ, बगळे.”

“बघितले.”

“कुठे बघितलेस? तू मोबाइल बघतोयस.”

मोबाइल नाही, तो मोबाइलवरची वेळ बघत होता. तळ्याच्या दुसऱ्या टोकाला बोटी दुरुस्त करायचा एक मोठा कारखाना होता. तिथे त्याला काम मिळालं होतं. गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरांची फुसकी इंजिनं नव्हेत, माणूस उभा राहील एवढी इंजिनं. उद्या सकाळचा भोंगा व्हायच्या आत तिथे हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. तिकडे जाणारी बोट दिवसातून एकदाच. आणि आज ते ज्या बंद पडलेल्या हॉटेलातून जुने ट्रॅक्टर आणायला निघाले होते, त्याच हॉटेलाच्या धक्क्यावर ती दुपारी थांबायची.

म्हणून त्याचा बेत साधा होता. ट्रॅक्टर चढवायचे. मग सांगायचं. मग बोटीत उडी. सांगणं आणि उडी यांच्यात जेवढी कमी जागा राहील तेवढं बरं. कपड्यांची पिशवी त्यानं पहाटेच मागे ताडपत्रीखाली ढकलली होती.

हे सगळं फक्त मामीला माहीत होतं. कारखान्यातल्या फोरमनची बायको मामीची मैत्रीण, तिच्याकडूनच सगळं जमलं होतं. आणि आता मोबाइल वाजला तर मामीचाच.

“हॅलो... हं... हो... नाही... काय? ... कुणाला? ... बरं... हो, खाल्लं.”

शेवटचं “खाल्लं” त्यानं पदरचं घातलं होतं. तिकडून मामी म्हणत होती, “अरे, तुझ्या मामाला कळलं! मी नाही सांगितलं. म्हणजे मीच सांगितलं, पण मला सांगायचं नव्हतं, तोंडातून गेलं. तो ताडकन उठला आणि तसाच बाहेर पडला, जेवला पण नाही! कुठे गेला देव जाणे. तू आईला सांगून मोकळा हो बाबा, मला आता एकटीला हे पेलवत नाही.”

“काय म्हणते मामी?” आईनं विचारलं.

“जेवलात का विचारत होती.”

“एवढा वेळ?”

“नीट विचारत होती.”

आईनं त्याच्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, आणि जिथे थांबायचं काहीएक कारण नव्हतं अशा एका वळणावर टेम्पो बाजूला घेतला.

“आता काय?”

“अंडी खायची. तू नीट जेवलायस असं मामीला सांगितलंस ना? मग ते खरं करून टाकू.”

दोघं कठड्यावर बसली. खाली तळं पसरलं होतं आणि पाण्यावर एक एकटी होडी अडकल्यासारखी उभी होती. आईनं उकडलेलं अंडं कठड्यावर आपटलं, सोललं, मीठ लावलं, त्याला दिलं. मग स्वतःचं सोललं, अगदी सावकाश, टरफलाचा एकेक तुकडा वेगळा ठेवत. बोल काहीतरी, असं तिचं सगळं अंग म्हणत होतं. पण भोवरा घड्याळाकडे बघत अंडं गिळत होता. त्याला तेवढंच दिसलं की ही बाई आज मुद्दाम उशीर करतेय.

“मीठ आणतो,” म्हणून तो उठला आणि मागे गेला. मीठ आईपाशीच होतं. त्याला पिशवी बघायची होती. ताडपत्री उचलली तर पिशवी होती जागेवर. पण तिच्या शेजारी एक गोणी होती. वाळूनं भरलेली, तोंड तारेनं बांधलेली.

“आई, ही गोणी कशाला?”

आईनं टरफलं गोळा केली.

“चाकाखाली लावायला,” आई म्हणाली. “तिथे उतार आहे म्हणे.”

चाकाखाली लावायला टेम्पोत चांगले दोन लाकडी ठोकळे होते. भोवऱ्याच्या ते ध्यानात आलं, पण बोटीच्या विचारात विरघळून गेलं.

आता बसायचं काम म्हणजे काय ते सांगायला हवं.

बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरांची एक खोड असते. सीटखाली स्विच असतो. सीटवर माणूस असेल तरच इंजिन चालतं. माणूस उठला की इंजिन ठप्प. पण इंजिनाचा सूर लावायचा तर ते चालू असतानाच लावावा लागतो, आणि एकच माणूस सीटवर बसून इंजिनात हात कसा घालणार? म्हणून बाकीचे गॅरेजवाले स्विचच्या दोन वायरी सरळ जोडून टाकतात, की सीट रिकामी असली तरी इंजिन आपलं चालूच.

आबांच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये असं करणाऱ्याला त्यांनी जेवायला वाढलं नसतं. तिथे एकानं दुरुस्ती करायची आणि दुसऱ्यानं बसायचं. “बसायला या रे कुणीतरी!” अशी हाक मागून आली की घरातलं जे हाताशी असेल त्यानं हातातलं टाकून जायचं. आई तशी बसली, मामा बसला, मामी तर लग्न होऊन आली त्याच आठवड्यात नव्या कपड्यांत बसली आणि ऑइलचा डाग अजून दाखवते. पण बसणाऱ्यानं डुलक्या काढायच्या नाहीत. डोळे समोरच्याच्या हातावर. हात नको तिथे जायला लागला की ताबडतोब उठायचं, मग इंजिन आपोआप मरतं.

“बसणाऱ्याचं काम बसणं नाही रे,” आबा सांगायचे. “बसणाऱ्याचं काम उठणं.”

आबा गेले. भोवऱ्याचे वडील तर त्याआधीच गेले. शेड आई आणि तिचा धाकटा भाऊ, असं दोघं मिळून चालवायला लागली. आणि दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मामाचा हात इंजिनात होता, आई सीटवर होती, आणि शाळेतून फोन आला. तुमच्या मुलानं वर्गाच्या खिडकीतून उडी टाकली आणि फाटकाबाहेर पळाला. पापणी लवते तेवढाच वेळ आईचं लक्ष गेलं. मामा ओरडला. ती उठली. तोवर पट्ट्यानं मामाची करंगळी नेली होती.

मामा एक शब्द बोलला नाही. तेच वाईट झालं. शिव्या दिल्या असत्या, पाना फेकून मारला असता, तर चार दिवसांत मिटलं असतं. तो नुसता शेडच्या पुढच्या भागात गिऱ्हाइकांशी बोलायला जाऊन बसला आणि परत मागे आला नाही. बहिणीला बसायला बोलवायचं नाही, तिनं बोलावलं तर जायचं नाही. बोलणं काय ते मामीमार्फत.

“ताईला सांग, पाती आलीत.”

“त्याला सांग, दिसली मला.”

आणि हे तिघं एकाच पत्र्याखाली, एकमेकांची शिंक ऐकू येईल एवढ्या अंतरावर!

भोवरा शाळेत परत गेलाच नाही. जाऊ नको असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागच्या भागात आला, रिकाम्या सीटवर चढला आणि म्हणाला, “बसलो. कर चालू.” तुझ्यापायी बोट गेलं असं त्याला कुणी म्हणालं नाही. मामा पुढे चहाचा कप चार बोटांत धरायचा, ते तो मागून बघायचा, बास.

हॉटेल लांबूनच दिसलं. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, दारात पानांचा ढीग. पण खाली तळ्यापर्यंत हिरवळीच्या तीन मोठ्या पायऱ्या उतरत गेल्या होत्या आणि त्यांच्यावर गुडघाभर गवत वाऱ्यानं एका बाजूला झुकत होतं. आई टेम्पोतून उतरली आणि कमरेवर हात ठेवून उभीच राहिली.

“काय जागा आहे रे.”

“हो. ट्रॅक्टर कुठेत?”

ट्रॅक्टर माळीकाकांपाशी होते. हॉटेल बंद झालं, माणसं गेली, माळीकाका तेवढे राहिले होते. पाठीत वाकलेले, पण बोलायला एकदम ताठ. तीन ट्रॅक्टर त्यांनी धुऊनपुसून रांगेत उभे केले होते, पोरी दाखवायला काढल्यासारखे.

“ही सरळमार्गी,” त्यांनी पहिल्याच्या बॉनेटवर थाप मारली. “ही जरा रुसते, पण मनवली की ऐकते. आणि ही तिसरी... हिच्याशी तुम्हीच बोला. माझं आणि तिचं बरेच दिवस बोलणं नाही.”

“आमच्याकडे पण आहेत अशी माणसं,” भोवरा म्हणाला.

“भोवऱ्या,” आई म्हणाली.

“ट्रॅक्टरांबद्दल बोलतोय मी.”

सरळमार्गी फळ्यांवरून टेम्पोत अशी चढली, जशी पायऱ्या चढणारी नवी नवरी. रुसकी अर्ध्यावर थांबली, भोवऱ्यानं कानात सांगितल्यासारखा थोडा चोक ओढला, आणि चढली. तिसरी मात्र फळीला चाक लावायची आणि खोकून मरायची. पुन्हा चालू, पुन्हा खोकला, पुन्हा गप्प. आईनं बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं.

“कार्बोरेटर भरलाय. साफ करते, मग सूर लावू. तू बसशील ना?”

भोवऱ्यानं मान वळवून तळ्याकडे बघितलं. पाण्यावर अजून काही नव्हतं. पण असेल तर? वळणाआड असेल तर?

“तोवर मी... एखादी लांब फळी मिळते का बघतो. उतार कमी होईल. खाली धक्क्यावर असेल.”

“धक्क्यावर?”

“हो. असतात धक्क्यावर फळ्या.”

“बघ मग,” आई म्हणाली. डोकं बाहेर न काढता.

तो हिरवळीच्या पायऱ्या उड्या मारतच उतरला. धक्क्यावर एक दोरवाला बसला होता.

“बोट?”

“ती काय.”

खरंच, वळणामागून एक पांढरं नाक बाहेर येत होतं.

“किती वेळ थांबते?”

“चढणारा आहे म्हटलं तर थांबते. तू चढणार का?”

“चढणार.”

शब्द तोंडातून गेला. आता सांगायलाच हवं. काय सांगायचं? ‘आई, मी जातो’ म्हणायला किती वेळ लागतो? तीन शब्द! पण तीन शब्द झाल्यावर ती बॉनेटमधून डोकं बाहेर काढणार, आणि तो चेहरा बघून जायचं कसं, ते त्याला येत नव्हतं. तो परत वर चढायला लागला. मधल्या पायरीवर पोचला तेव्हा वरून इंजिनाचा आवाज आला.

तिसरीचा आवाज. खोकत होती, पण चालू होती.

चांगलं झालं, त्याला वाटलं. माळीकाका बसले असतील सीटवर. आणि तेवढ्यात त्याला नळापाशी माळीकाका दिसले. बाही वर करून निवांत हात धूत होते.

मग सीटवर कोण?

तो पळाला. कुंपणाला वळसा न घालता त्याच्यातूनच घुसला. हिरवळीच्या वरच्या कडेला तिसरी थरथरत उभी होती. सीटवर गोणी होती. वाळूची, तारेनं बांधलेली, पाहुण्यासारखी ऐटीत बसवलेली. आणि आई बॉनेटमध्ये वाकलेली होती, एका हातात स्क्रू ड्रायव्हर, कान इंजिनाकडे लावलेला. डाव्या हाताची स्वेटरची बाही सैल होऊन खाली लोंबत होती आणि फिरत्या पट्ट्याच्या वाऱ्यानं हलत होती. जवळ जात होती.

ओरडून काही ऐकू गेलं नसतं. भोवऱ्यानं पळत पळतच खांदा गोणीला दिला आणि गोणीसकट पलीकडे जाऊन आदळला.

इंजिन मेलं.

“काय करतोस!” आई उसळली. “आत्ता कुठे सूर लागत होता!”

“बाही बघ.”

“काय?”

“बाही बघ, आई!”

तिनं बघितलं. बाहीचं टोक पट्ट्यात गेलं होतं आणि पुलीवर गुंडाळलं गेलं होतं, मनगटापर्यंत. बरोबर मनगटापर्यंत. तिनं हात ओढला तर निघेना. भोवऱ्यानं येऊन पट्टा उलटा फिरवला आणि लोकर सोडवली. दोघांची डोकी बॉनेटखाली इतकी जवळ होती की एकमेकांचा श्वास ऐकू येत होता. मग तो सरळ झाला आणि फुटला.

“गोणी उठत नाही, आई! गोणीला डोळे नसतात! आबा असते तर तुला शेडबाहेर काढलं असतं!”

“ओरडू नकोस.”

“ओरडणार! चाकाखाली लावायला आणलीस ना ही? हे चाक आहे? मी खालीच होतो, मला हाक मारायची ना! कशाला बसवलीस हिला?”

“सवय करत होते.”

“कसली सवय?”

आईनं फाटकी बाही कोपरापर्यंत वर सारली. “तू नसण्याची,” ती म्हणाली.

भोवऱ्यानं वळून टेम्पोकडे बघितलं.

“पिशवी ताडपत्रीखाली नको ठेवत जाऊस. ऑइल लागतं. मी काढून पुढे ठेवलीय. दोन अंडी आहेत आत.”

“तुला कुणी...” आणि मग त्याला कळलंच. “मामी!”

“तुझ्या मामीनं मला परवाच सांगितलं. आणि कुणाला सांगू नको म्हणाली. मामाला सांगितलं का तिनं?”

“आज.”

“म्हणजे सगळ्यांना सांगून झालं. बरी आहे ती. घरात एक तरी माणूस बोलतं.”

“मग तू का नाही बोललीस?”

“मी? जाणार कोण आहे? तू बोलायचंस! म्हणून तर तळ्याकाठच्या रस्त्यानं आणलं तुला. हायवेवर कुणी कुणाला काही सांगतं का? बगळे दाखवले, कठड्यावर बसवलं, अंडं सोलून हातात दिलं. आणि तू? ‘मीठ आणतो!’”

खालून बोटीचा भोंगा वाजला. पहिला. बोट धक्क्याला लागली होती. दोघांनी तिकडे बघितलं नाही.

“मी नाही जात,” भोवरा म्हणाला.

“जातोस.”

“नाही जात म्हटलं ना! तुला त्या गोणीच्या भरवशावर सोडून जाऊ? आज मी बोटीत असतो तर बसणाऱ्याच्या जागी वाळू आणि तुझा हात...” त्यानं गोणीला लाथ मारली. पायाला लागलं. म्हणून आणखी एक मारली.

“आणि किती दिवस बसणार तू?” आई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, तेच जास्त लागलं. “तुला बसवत नाही, मला माहीत आहे. सीटवर असतोस तेव्हा तुझा पाय खाली नाचत असतो. दोन वर्षं बघतेय. कशासाठी बसलायस? त्या फोनसाठी ना?”

त्यानं पायानं गोणी पलीकडे लोटली.

“ऐक. खिडकीतून उडी तू मारलीस. ते तुझं. पण फोन मी उचलला. हातात दुसऱ्याचा जीव असताना मी उचलला. ते माझं आहे, भोवऱ्या. ते तू घेऊन बसू नकोस.”

“वाजत होता, तर उचलणारच ना,” कुणीतरी म्हणालं. “कुणीही उचलला असता.”

कुंपणाच्या भगदाडात मामा उभा होता. धापा टाकत, टकलावर घाम, आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला, एक स्वतःची आणि एक मामीची. बोटीनं आला होता. मामीनं पुढे सगळ्यांना सांगितलं की तो गावाच्या धक्क्यावर तिकीटवाल्याशी भांडला, बोटीत मधल्या बाकावर बसून येईपर्यंत भाच्याला काय काय सुनवायचं ते पुटपुटत होता, आणि शेजारच्या बाईनं घाबरून जागा बदलली. ते सगळं पाठ केलेलं आता बाजूला राहिलं. तो गोणीकडे बघत होता.

“ही अक्कल कुणाची?” त्यानं विचारलं.

आई भोवऱ्याकडे वळली. “त्याला सांग, मी नुसतं बघत होते की...”

“मी इथे उभा आहे, ताई. मला सांग.”

वाऱ्यानं गवत आडवं झालं आणि परत उभं राहिलं. माळीकाका नळापाशीच थांबले होते, नळ चालूच ठेवून.

“बघत होते,” आई म्हणाली, थेट त्याच्याकडे बघून, “की याच्याशिवाय जमतं का.”

“मग जमलं?”

आईनं फाटकी बाही दाखवली.

मामानं ती बाही बोटांत धरली. चार बोटांत. बराच वेळ धरली. मग सोडली आणि भोवऱ्यावर घसरला. “आणि तू! तोंड नाही तुला? मी काय परका आहे? मला मामीकडून कळावं? मी तुला थोबाडीत द्यायला आलो होतो, माहीत आहे?”

“मग दे.”

“देतो, थांब.” दिली नाही. “बोट कधीची आहे?”

“तू आलास तीच. खाली उभी आहे.”

“मग इथे काय करतोयस, मूर्खा?”

“तिसरी चढायचीय अजून. सूर लागला नाही. बसायला कुणी नाही.”

हे तो मुद्दाम बोलला की आपोआप तोंडातून गेलं, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. बोलून झाल्यावर तिघंही त्या रिकाम्या सीटकडे बघत राहिली. दुसरा भोंगा वाजला.

“बाळ्या, राहू दे,” आई म्हणाली. दोन वर्षांत तिनं ते नाव घेतलं नव्हतं. टक्कल पडलेल्या माणसाला बाळ्या म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती. “ढकलून चढवू आपण. नसेल जमत तर...”

“गप गं.”

मामानं मामीची चप्पल काढून बाजूला ठेवली, मग स्वतःची. फूटबोर्डवर पाय ठेवला. थांबला. त्याच्या मानेवरची शीर उडताना भोवऱ्याला दिसली. मग तो चढला आणि बसला. म्हणजे पूर्ण बसला नाही आधी, अर्धा टेकला, गरम तव्यावर बसल्यासारखा. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

“कर,” तो म्हणाला. “पण हळू कर, ताई. आणि ती दुसरी बाही पण वर घे.”

आईनं बाही वर घेतली. चावी फिरवली. तिसरी खोकली, शिंकली, आणि चालू झाली. आई वाकली. स्क्रू ड्रायव्हर आत गेला. मामाचे डोळे तिच्या हातावर असे खिळले की डोळ्यांत पाणी आलं तरी त्यानं पापणी मिटली नाही.

भोवऱ्यानं पुढच्या सीटवरून पिशवी घेतली. गोणीची तार सोडली आणि सगळी वाळू गवतात ओतून टाकली. रिकामी गोणी घडी करून टेम्पोत फेकली. मग तो ट्रॅक्टरपाशी येऊन उभा राहिला. आईला हाक मारावी असं त्याला फार वाटलं. पण ती वर बघेल, आणि तिनं आत्ता वर बघायचं नव्हतं. मामानं तर अजिबातच नाही.

इंजिनाचा खोकला कमी कमी होत गेला. आईनं अर्धा आटा फिरवला. आणखी पाव. आणि तिसरी एकदम गुळगुळीत बोलायला लागली. आईचे ओठ हलले. काहीतरी म्हणाली ती बॉनेटमध्ये, त्याला म्हणाली, मामाला म्हणाली की इंजिनाला, ऐकू आलं नाही.

खालून तिसरा भोंगा आला. दोरवाला हात हलवत होता.

“मामा, माझ्याकडे बघू नकोस!” भोवरा इंजिनापेक्षा मोठ्यानं ओरडला. “तिच्या हाताकडेच बघ! बोट सुटतेय, मला आता निघायलाच हवं!”